बटाट्याच्या जागी बबाई

अकोइतीच्या उत्तरावरची लाल फुली माझ्या नजरेला पडली, तेव्हा पाहुण्याच्या स्वागताचं गाणं अजून संपलं नव्हतं. इओतेबा होडीतून उतरले होते, पोरींनी त्यांच्या डोक्यावर फुलांचं कडं ठेवलं होतं, कुणी शहाळं फोडून हातात दिलं होतं. त्यांनी तिथंच, ओल्या वाळूत उभं राहून, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडे सोपवला. मी गाणाऱ्या बायकांच्या ओळीत होते. गाता गाता कागद चाळले, आणि फुली दिसली तशी मी गायची थांबले. शेजारच्या तेबुरेआनं मला कोपरानं ढोसलं. गा की गं, म्हणाली, पाहुणा बघतोय. बघू दे, म्हटलं.

इओतेबा पलीकडच्या बेटावरच्या वसतिगृहाच्या शाळेत भाषेचे मुख्य शिक्षक. आमच्या किरिबातीच्या या टोकाकडच्या सगळ्या बेटांवरची मुलं सहावीनंतर त्या शाळेची प्रवेशपरीक्षा देतात. जागा मिळाली तर पुढचं शिक्षण. नाही मिळाली तर पोरीनं आईशेजारी बसून केवड्याची पानं सोलायची, चटया विणायच्या. त्यात कमीपणा नाही. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं आणि तिच्या चटईवर झोपलेल्या माणसाला दुसरीकडे झोप लागत नसे. पण अकोइतीला मोठ्या जहाजावर जायचं होतं. तिला समुद्राचे नकाशे वाचायचे होते. वर्गात भिंतीला एक जुना नकाशा आहे, वाळवीनं निम्मा खाल्लेला. मधल्या सुट्टीत इतर पोरं नारळाच्या झावळ्यांवरून घसरायची आणि ही त्या नकाशाच्या उरलेल्या अर्ध्यापुढे उभी. त्या वर्षी माझ्या वर्गातून कुणी जाईल तर हीच जाईल, हे पोरांनाही ठाऊक होतं. आणि ती थोडक्यात राहिली होती. त्या एका फुलीपायी राहिली होती.

परीक्षेतला इंग्रजी उतारा असा होता. एका म्हाताऱ्याच्या खड्ड्यातली बबाई, म्हणजे आम्ही ओलसर खड्ड्यांत लावतो ते मोठ्या कंदाचं अळू, गावात सगळ्यांत मोठी होते. माणूस झाकून जाईल एवढं पान, मांडीएवढा कंद. शेजारी दर हंगामात त्याच्याकडे येतो आणि विचारतो, तू मुळाशी कसलं खत घालतोस? म्हातारा त्याला बसायला चटई देतो, जेवू घालतो, वाऱ्यापावसाच्या गोष्टी करतो, निघताना एक मोठी बबाई त्याच्या खांद्यावर देतो; पण खताचं काही सांगत नाही. शेजाऱ्याचं पीक त्याही वर्षी लहानच राहतं. खाली प्रश्न: म्हातारा स्वभावाने कसा होता? उताऱ्याच्या आधारे लिहा.

अकोइतीनं तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, म्हातारा चांगला होता. त्यानं शेजाऱ्याला जेवण दिलं आणि बबाई दिली. खताची माहिती त्याच्या घराची होती, त्याच्या एकट्याची नव्हती, म्हणून ती त्याला देता येत नव्हती.

त्यावर फुली. बाजूला लाल शाईत बरोबर उत्तर: आपमतलबी.

मी बाकीचे कागद उलटले. माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोरानं म्हाताऱ्याला चांगला म्हटलं होतं, आणि प्रत्येकाला फुली होती. टोंगोउआ म्हणून एक आळशी पोरगा आहे, तो अख्ख्या परीक्षेत दोनच ओळी लिहून उठला होता. त्यातली एक ओळ हीच होती, ‘चांगला माणूस आहे.’ त्याच्याही ओळीवर फुली.

रागानं डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात, तसं झालं नाही. उलट सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं. खेकड्याची भोकं दिसली वाळूतली, इओतेबांच्या बुटांना लागलेलं शेवाळ दिसलं, आणि त्यांच्या तोंडावरचं पाहुण्याचं हसू दिसलं.

या माणसाला मी मानत होते, म्हणून जास्त झोंबलं. तीन वर्षांपूर्वी ते आम्हा शिक्षकांना शिकवायला आले होते. नीरफणसाच्या झाडाखाली आम्हाला बसवून म्हणाले होते की मुलाच्या हातात पुस्तक देण्याआधी मुलाच्या पोटात काय आहे ते विचारा. ज्याला जे आधीच ठाऊक आहे त्याच्या खांद्यावर नवं वाचन बसवा, म्हणजे ते चालत येईल. मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन नवऱ्याला न जेवता सांगत बसले होते.

आणि खरोखर तसं घडत गेलं. आमच्या वाचनमालेत एक धडा होता, आगगाडी आणि तिच्या वाटेवरचे तांबडे-हिरवे दिवे. आमच्या बेटाची रुंदी अशी की एका समुद्रात डोकं धुवून माणूस केस न वाळता दुसऱ्या समुद्रापाशी पोचतो. आगगाडी इथं कुठून यायची? आधीच्या वर्षी पोरांनी तो धडा पाठ केला होता आणि दिवे कशासाठी असं विचारलं की नाताळासाठी म्हणून सांगितलं होतं. त्या वर्षी मी पुस्तक मिटून ठेवलं. विचारलं, संध्याकाळी बाप बाहेरच्या समुद्रातून परत येतो तेव्हा खडकांमधली वाट त्याला कशी कळते? एकदम वीस तोंडं उघडली. आई किनाऱ्यावर झावळीची मशाल धरते. लाट मोठी असली की ती खाली करते. खाली केली की थांबायचं. वर केली की वल्ही मारायची, नाही तर होडीचे तुकडे. मग म्हटलं, उघडा पुस्तक. दिव्यांपाशी आल्यावर अकोइती मान वर करून म्हणाली, बाई, ही आई आहे. रुळांची आई. वर्ग हसला आणि वर्गाला धडा कळला.

पण खड्ड्याबद्दल मी वर्गात कधी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. कुणाच्या खड्ड्यात कुठल्या झाडाची पानं पडतात, हिरवी की वाळलेली, कुठल्या चंद्राला, काळी माती कुठून आणायची, हे त्या त्या घराचं असतं. बायका मुळाभोवतीची बिनबुडाची टोपली विणतात तेव्हा गातात,

केवड्याचं पान बाई, आडव्यात उभं गेलं
पाण्यानं पाहिलं, पाण्यानं पोटी नेलं
मुळाच्या कानात माझ्या आज्यानं काय गं सांगितलं
मुळानं ऐकलं, मुळानं कुणा नाही सांगितलं

हे गाणं ऐकत ही पोरं झोपलेली आहेत. अकोइतीच्या आजोबांनी, नाबेतारींनी, तिला गेल्या वर्षीच खड्ड्यात उतरवून पानं दाखवली. त्याआधी ती काठावर पाठ करून उभी राहायची. आणि अशा पोरीला परीक्षेत विचारायचं की न सांगणारा म्हातारा कसा?

दुपारी इओतेबा पाहुण्यांच्या मचाणावर टेकले होते. मी कागद घेऊन गेले. त्यांनी मला बसा म्हटलं, नेई रोतिया म्हणून मानानं हाक मारली. मी उभीच राहिले. मी म्हटलं, हे उत्तर बरोबर आहे. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि शांतपणे समजावू लागले, जसं माणूस नवशिक्या शिक्षिकेला समजावतो. म्हणाले की पोरीनं उतारा वाचलाच नाही, घरचं लिहिलं. घराचं गुपित वगैरे उताऱ्यात कुठं आहे? उताऱ्यात एवढंच आहे की शेजाऱ्याला गरज होती आणि म्हाताऱ्यानं सांगितलं नाही.

मी म्हटलं, आपमतलबी तरी उताऱ्यात कुठं आहे?

ते म्हणाले, ते ओळखायचं असतं.

कशावरून ओळखायचं, मी विचारलं. तुमच्या डोक्यातल्यावरून की तिच्या?

यावर ते हसले. म्हणाले, मुलांचं पूर्वज्ञान मदतीला घ्यायचं असतं, नेई, उताऱ्याच्या डोक्यावर बसवायचं नसतं. वाक्य चांगलं होतं. आणि खोटंही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझी पोरं कधी कधी उतारा सोडून घरची गोष्ट सांगत सुटतात, आणि मीच त्यांना ओढून आणते. म्हणून तर संताप वाढला. खऱ्या वाक्यानं त्यांनी खोटी फुली झाकली होती.

मग समजूत काढावी म्हणून त्यांनी स्वतःच सांगितलं. उतारा त्यांनी एका परदेशी पुस्तकातून घेतला होता. मूळ गोष्टीत बटाटे होते. दोन शेजारी, बटाट्यांचा मळा, एक खताचं सांगत नाही. आपल्या मुलांनी बटाट्याचं शेत कुठं पाहिलंय, म्हणून त्यांनी मुद्दाम बटाटे काढून बबाई घातली. मुलांना घरच्यासारखं वाटावं म्हणून. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं.

मी हातातला कागद पुन्हा पाहिला. बटाट्याच्या जागी बबाई घातली, आणि उत्तर मात्र बटाट्याचंच ठेवलं.

“तुम्ही बबाई लिहिलीत तेव्हा खड्डा आला, इओतेबा. खड्ड्याबरोबर आजा आला. आज्याबरोबर त्याचं तोंड मिटणं आलं. तुम्ही मुलांना म्हणालात, या, घरच्यासारखं बसा. आणि बसली तेव्हा थोबाडीत मारलीत.”

ते उठले. म्हणाले, गुणांची यादी झाली आहे. बाकीच्या बेटांवर निकाल वाटून झाले. एकाच बेटावर उत्तर बदलून देता येणार नाही, आणि इथं तर काय, सगळीच तुमच्या नात्यातली. हे शेवटचं त्यांनी हसतच म्हटलं. मी कागद घेतले आणि निघाले.

तिथून मी तडक नाबेतारींकडे गेले. ते खोपटात दोरी वळत होते. अकोइती मागच्या बाजूला बसून होती. निकाल एव्हाना गावभर झाला होता, तिचे डोळे सुजले होते. मी नाबेतारींना सगळं सांगितलं, उतारा आमच्या भाषेत करून वाचून दाखवला. त्यांनी दोरी खाली ठेवली. मग विचारलं, त्या गोष्टीतला म्हातारा कुठल्या घराण्यातला? मी म्हटलं, आजोबा, तो बनावट आहे. ते म्हणाले, बनावट असला तरी शिव्या का खाव्यात त्यानं?

मी त्यांना म्हटलं, आज रात्रीच्या जेवणाला पाहुण्यापुढे पहिला शब्द तुमच्या जागेचा असतो. तो मला द्या.

मनेआबात, म्हणजे आमच्या गावाच्या सभाघरात, कोण कुठं बसतं, कुणाचा शब्द आधी, कुणाचा नंतर, हे छपराच्या वाशांइतकं पक्कं आहे, आणि तिथं पाय पसरून कुणीच बसत नाही. नाबेतारींची बसायची जागा पूर्वेच्या खांबापाशी, आणि पाहुण्याशी बोलायची सुरुवात त्या जागेची. माझ्या सासरची जागा कडेला. आमच्याकडे मासे वाटायचं काम, बोलायचं नाही. नाबेतारींनी दोरी पुन्हा उचलली. मग म्हणाले, देईन. पण राग घेऊन आत येशील तर मांडी घालून बसव त्याला. पाय पसरू देऊ नकोस.

दिवे लागायच्या सुमाराला सगळे जमले. माडी काढणारे झाडांवरून उतरून आले होते, त्यांच्या अंगाला गोड आंबूस वास येत होता. मधोमध नारळाच्या रसात शिजवलेली बबाई, भाजलेले मासे, नीरफणस. जेवणं झाली. नाबेतारींनी घसा साफ केला, पाहुण्याला नमस्कार सांगितला आणि म्हणाले की आज माझा घसा बसलाय, माझा शब्द रोतियाच्या तोंडून ऐकावा. त्यांचा घसा काही बसलेला नव्हता. सगळ्या सभेला तो ऐकू गेला होता. पण कुणी हसलं नाही. मी कडेवरून उठून खांबापाशी जाऊन बसले. मांडी घालून.

रीतीप्रमाणे मी पाहुण्याला त्यांचं मूळ विचारलं. आईचे वडील कुठले, जमीन कुठं. इओतेबा खुलले. उत्तरेकडच्या बेटाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, त्या बेटावरची बबाई आम्ही ऐकून आहोत. मग तर ते रंगातच आले. त्यांच्या आजोबांनी नव्या मनेआबाच्या वेळी आणलेला कंद दोन गड्यांनी बांबूवर टांगून आणावा लागला होता, आणि वाटेत बांबू मोडला होता. म्हातारे माना डोलवू लागले. मोठ्या बबाईची गोष्ट कुणाला आवडत नाही?

समोरच्या दिव्याभोवती किडे फिरत होते. मग विचारलं,

“तुमच्या आजोबांच्या खड्ड्यात कोणती पानं घालतात, इओतेबा?”

असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मनेआबाच्या मधोमध पाय पसरले आहेत. इओतेबांनी हसण्याचा प्रयत्न केला. म्हणाले, ते आता कुणाच्या लक्षात आहे. मी म्हटलं, आजोबांनी शिकवलं नाही का? शिकवलं, म्हणाले, आणि म्हणताक्षणी ओठ आवळले.

मग सांगा की, मी म्हटलं. आमचं पीक लहान राहतं.

त्यांच्या कानामागून घाम ओघळला. मला त्यांची कीव यायला हवी होती, आली नाही.

“माझे मामा अजून आहेत,” शेवटी ते हळू म्हणाले. “त्यांना विचारल्याशिवाय मी कसं सांगणार?”

मागच्या अंधारातून तेबुरेआचा आवाज आला, अगदी सहज, जणू माशांचं वाटप मोजतेय. “आपमतलबी दिसतो गं माणूस.”

हसू फुटलं ते लहान मुलांपासून सुरू झालं. उतारा आणि त्याचं लाल शाईतलं ‘बरोबर’ उत्तर वर्गातल्या पोरांनी घरोघर सांगितलेलं होतं, सगळ्यांना कळलं. मी हसले नाही. मी अकोइतीचा कागद उघडला आणि तिनं लिहिलेलं उत्तर आमच्या भाषेत मोठ्यानं वाचलं. मग कागद चटईवरून त्यांच्याकडे सरकवला. म्हटलं, हिला आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांना फुली मिळाली आहे, ती कुठल्या चुकीसाठी, ते एवढ्या लोकांत सांगा.

माणूस अगदीच दगड नव्हता. त्यांनी खिशातून पेन काढलं, फुली खोडली, आणि वर मान करून सगळ्या सभेला म्हणाले की या मुलीला जागा मिळेल, हा माझा शब्द. मनेआबात दिलेला शब्द परत घेता येत नाही; घेणारा पुन्हा कुठल्याच मनेआबात मान वर करून बसू शकत नाही. अकोइतीची आई रडायला लागली. नाबेतारींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहुण्याला आणखी मासा वाढायला सांगितलं.

इथं गोष्ट थांबली असती तर माझा रागही थांबला असता.

सकाळी होडी निघायच्या वेळी इओतेबांनी मला बाजूला बोलावलं. रात्रीचा ओशाळेपणा गेला होता. म्हणाले, झालं ते झालं, नेई. मुलीची सोय मी करतो, एक खाट जास्तीची लावता येईल. फक्त याचा बोभाटा नको. बाकीच्या बेटांवरच्या शिक्षकांना कळलं तर सगळी यादी उलटी करावी लागेल.

मी विचारलं, म्हणजे तिकडच्या मुलांनीही हेच लिहिलंय?

ते समुद्राकडे बघत म्हणाले, पुष्कळांनी.

“आणि तुम्ही पेटीभर फुल्या मारत गेलात. एवढी मुलं एकच उत्तर लिहितात, तेव्हा हात थांबला नाही?”

“बाकीच्यांनी कुणी तक्रार केली नाही,” ते म्हणाले.

कशी करतील? आमच्या पोरांना मोठ्या माणसाच्या फुलीपुढे बोलायला कुणी शिकवलंय? ती घरी जातात, कागद आईच्या हातात देतात आणि केवड्याची पानं सोलायला बसतात. आईला इंग्रजी येत नाही. फुली मात्र तिला वाचता येते. मी त्यांना निरोपाचा हात दिला नाही. होडी खडकांतली वाट ओलांडून गेली, आणि मी शाळेकडे न जाता बिनतारी यंत्राच्या खोपटाकडे वळले. दवाखान्याचे निरोप जातात तिथून, आणि बेटाबेटांवरचे शिक्षक सकाळी एकमेकांशी बोलतात.

अकोइती धावत मागून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या हाताला धरून म्हणाली, बाई, नका ना बोलू. माझी जागा जाईल. तिच्या आवाजात अशी काकुळती होती की मी खोपटाच्या दारातच थांबले. तिला मी काय सांगणार होते, की न्याय मोठा असतो? त्या बारा वर्षांच्या जिवानं फक्त एक नकाशा मागितला होता.

मी तिला म्हटलं, तुझी जागा जाणार नाही. तो शब्द त्यांनी मला दिलेला नाही, मनेआबाला दिलाय. तुझे आजोबा साक्षीला आहेत आणि सारं गाव आहे.

आणि गेली तर, तिनं विचारलं.

तर मी तुझ्याबरोबर होडीत बसून येईन आणि त्या शाळेच्या दारात बसेन, म्हटलं. पाय पसरून बसेन.

ती हसली नाही. माझा हात तिनं सोडलाही नाही. पण दाराशी न थांबता ती आत आली आणि बाकावर टेकली, ओठ घट्ट मिटून, माझ्यावर रागावलेली. रागाव, मनात म्हटलं. तुझा राग मला चालेल.

मी बटण दाबलं आणि शेजारच्या बेटावरच्या शिक्षकाला, बाउरोला, हाक मारली. खूप खरखर झाली, मग त्याचा झोपाळू आवाज आला. मी विचारलं, तुझ्या पोरांनी त्या म्हाताऱ्याबद्दल काय लिहिलं होतं?

त्यानं कागद शोधले. तो वाचू लागला. एकेक नाव, आणि नावापुढे तेच. चांगला. चांगला होता. दयाळू होता, त्याने बबाई दिली. वाचता वाचता बाउरोचा आवाज जागा होत गेला. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, “रोतिया, मी पोरांना ओरडलो गं. उतारा नीट वाचत नाही म्हणून ओरडलो.”

“पोरांनी नीटच वाचलाय,” मी म्हटलं. “कागद फाडू नकोस, नीट ठेव. पुढच्या होडीनं आपण दोघं त्यांच्या शाळेत जायचं, सगळे गठ्ठे घेऊन.”

अकोइती बाकावरून उठली होती. तिनं यंत्राशेजारचा, बेटांची नावं आणि हाका लिहिलेला तक्ता बोटानं खाली खाली वाचत नेला, एका नावावर थांबली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, आता यांना लावा, बाई.